ऐकीव हॉर्सपॉवर: एमजीबी घेताना मी कसा फसलो

मी मूळचा कराडचा. गेली एकोणीस वर्षं इंग्लंडात, रग्बी नावाच्या गावाजवळ राहतो. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पण पंपांचा, मोटारींचा नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणात विकणाऱ्याइतकाच माझ्या डिग्रीचाही हात आहे.

गाडी होती १९७२ ची एमजीबी रोडस्टर. गर्द हिरवी, काळं कापडी छत, तारांची चाकं. एमजी म्हटलं की घरच्यांना हेक्टर आठवते. काकांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "ती मोठी जीपसारखी असती ती का?" ती नव्हे. मूळची एमजी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची. तिथे १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी निघत होती, पाच लाखांच्या वर निघाल्या. म्हणून आजही हिचे सुटे भाग इथे मंडईत भाजी मिळावी तसे मिळतात. खिशाला परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार हवी असली की बहुतेकांची गाडी फिरून एमजीबीवरच येते.

माझं कारण वेगळं होतं. काकांची अँबॅसडर कराड-सातारा-पुणे भाड्यानं चालायची. तिच्यात होतं बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन, १४८९ सीसी. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, अगदी तोच, ८८.९ मिमी. फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ चा ८०.२६ झालेला. लहानपणी मिस्त्री टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप बसवायला, बसले की बॅटरी धरायचं काम माझं. तेव्हा या गाडीचं बॉनेट उघडल्यावर मला जे वाटलं, ते परक्या देशात गावाकडचं कुणी भेटल्यासारखं होतं. अशा वेळी माणूस हिशोब करत नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं: फास्ट रोड इंजिन. १९५० सीसी. स्टेज थ्री हेड, मोठे व्हॉल्व्ह, अनलेडेड सीट. फास्ट रोड कॅम. हलकं केलेलं फ्लायव्हील. वेबर ४५ कार्बोरेटर. रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजतात तिथे, १२८ बीएचपी (हॉर्सपॉवर). आणि या सगळ्याच्या आधी एक छोटासा इंग्रजी शब्द: 'बिलीव्ह्ड'. म्हणजे 'असं समजतं'. त्या शब्दाची किंमत मला पुढे कळली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण फसवणूक नेमकी इथेच दडलेली असते. कंपनीतून ही गाडी ९५ बीएचपीची यायची. बी-सिरीजचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, पाच पोर्टांचं. सिलिंडर चार, पण आत जाणाऱ्या वाटा दोनच, दोघा-दोघांत एक. बाहेर जाणाऱ्या तीन, त्यातली मधली पुन्हा दोघांत एक. म्हणजे इंजिनाचा श्वासच तोकडा. ताकद वाढवायची तर आधी हेडवर काम करायचं: पोर्ट आतून घासून मोकळे करायचे, इनलेट व्हॉल्व्ह मोठे बसवायचे. मग कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणारा आणि जास्त वेळ उघडा ठेवणारा. १९५० सीसी हवं असेल तर बोअर ८३.५ मिमीच्या आसपास न्यावा लागतो. सव्वातीन मिमी धातू काढायचा म्हणजे भिंती पातळ होतात, आणि ते काम जाणत्या मशीन शॉपचंच. कार्बोरेटर या सगळ्याच्या नंतर येतो. फुप्फुसं भरणार तेवढीच, तर नाक मोठं करून उपयोग काय!

पण बॉनेट उघडल्यावर दिसतो तो कार्बोरेटरच. दोन तोंडांचा, चमकणारा, आडवा वेबर. तीन संध्याकाळी आणि थोडे पैसे घातले की कुणीही बसवू शकतो. हेड, कॅम, बोअर, फ्लायव्हील यातलं काहीही बाहेरून दिसत नाही.

गाडी बघायला शनिवारी दुपारी गेलो. विकणारा पंचावन्नचा, मवाळ बोलणारा. चहा दिला. गाडी ड्राइव्हवेवर उभी, बॉनेटला हात लावला तर चांगलं कोमट. "तुमच्यासाठी आत्ताच एक चक्कर मारून आणली," म्हणाला. मला बरंच वाटलं! काकांचा चाळीस वर्षांचा नियम होता: गाडी बघायची ती सकाळी, इंजिन गार असताना, आणि आपल्यासमोर पहिला स्टार्टर मारायला लावायचा. गार इंजिन धूर लपवत नाही, खडखड लपवत नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. तरी मी गरम इंजिन ऐकत उभा राहिलो.

आणि त्याची खरी कमाल पुढे. इंजिनाबद्दल तो तोंडानं खोटं बोललाच नाही. म्हणाला, "मला इंजिनातलं काही कळत नाही हो. आधीच्या मालकानं हे सगळं करून घेतलं. तुम्ही इंजिनिअर दिसता, तुम्हीच ऐका आणि सांगा, कॅम कसला असेल?" आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन डुचमळत होतं, ढप-ढप-ढपक. मी कान देऊन ऐकलं आणि त्यालाच समजावून सांगितलं की कॅम चांगलाच रेसी आहे, ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असायचा वेळ, जास्त असला की आयडल असंच होतं. तो मान डोलावत होता. पाच मिनिटांत मी त्याच्या गाडीची जाहिरात त्याच्यापेक्षा चांगली केली.

चालवून बघितली. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेलो, छत उघडं, एक्झॉस्ट कानाशी. अशा गाडीत साठ मैलांचा वेगसुद्धा नव्वदसारखा वाटतो. त्यानं एक प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद दाखवला, रोलिंग रोडचा आलेख. १२८. शेवटी १३,८०० पाउंडांवर ठरलं. साधं इंजिन असलेल्या, तेवढ्याच चांगल्या बॉडीच्या गाड्या मी तेव्हा आठ-नऊ हजारांना बघत होतो. म्हणजे जवळपास पाच हजार पाउंड मी जे दिसत नव्हतं त्याचे दिले. घरी आल्यावर विमा कंपनीला कळवलं, कारण इथे गाडीतला प्रत्येक बदल सांगावा लागतो. त्यांनी हप्ता वाढवला. नसलेल्या सव्वाशे सीसींचा हप्ताही मी भरला, तोही हौसेनं.

दोन महिने मजेत गेले. मग तिसऱ्या महिन्यात टॅपेट तपासायला बसलो, खरं तर गरज म्हणून नाही, जुन्या आठवणीसाठी. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. मिस्त्रींनी शिकवलेला नवाचा नियम इथेही चालतो: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की आठवा लावायचा, दुसरा दाबला की सातवा, बेरीज नेहमी नऊ. गार इंजिनाला गॅप पंधरा थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इनलेट सगळे ठीक निघाले. चौथा आणि पाचवा, म्हणजे मधले दोन एक्झॉस्ट, त्यांत गॅप मोजायची पत्ती शिरेचना. दहाची नाही, आठची नाही. सहाची कशीबशी गेली. म्हटलं, आधीच्यानं चुकीची लावली असतील. पुन्हा पंधरावर लावली. पाचशे मैलांनी उघडलं तर गॅप पुन्हा नऊवर.

हे कशाचं लक्षण ते जुन्या पेट्रोलच्या काळातल्या कुठल्याही मिस्त्रीला झोपेतही सांगता येईल. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर, बसून उशीसारखा काम करायचा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिसंवालं पेट्रोल पंपांवरून गेलं. तेव्हापासून जुन्या बिडाच्या हेडमध्ये कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात. नाही बसवल्या आणि गाडी पळवली, तर व्हॉल्व्ह सीट खात खात हेडमध्ये रुतत जातो आणि टॅपेटची गॅप मिटत जाते. यात वाईट भाग असा की काही वाजत नाही. उलट खडखड कमी होते, इंजिन शांत होत जातं आणि मालक खूश होतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब भरतो ते, बघितलं: १६५, १६०, ११०, १५५. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसतच नव्हता. ज्या ढप-ढपक आयडलवर मी व्याख्यान दिलं होतं, तो कॅमचा बाज नव्हता. आजारी सिलिंडर खोकत होता, आणि वर न जुळवलेला वेबर.

हेड उघडलं. इथून पुढचं सगळं एका रविवारी सकाळी, दोन तासांत कळलं.

आधी पोर्ट. मॅनिफोल्ड काढल्यावर पोर्टांची तोंडं आरशासारखी चकाकत होती. बोट आत घातलं तर पेराएवढ्या अंतरानंतर हाताला लागली कच्ची ओतीव बीड, भाकरीच्या पाठीसारखी खरखरीत, आणि साच्याच्या जोडाची रेघ जशीच्या तशी. कुणीतरी ड्रिलला घासायचं चाक लावून फक्त दाराची चौकट रंगवली होती. इनलेट व्हॉल्व्हला व्हर्नियर लावला: ४१.३ मिमी. कंपनीचंच माप. एक्झॉस्ट सीटभोवती वेगळी कडी बसवलेली असती तर तिची गोल रेघ दिसली असती. रेघ नव्हती. सीट थेट हेडच्याच बिडात कापलेली, मधल्या दोन जागी चांगल्याच खोल गेलेल्या.

मग पिस्टन. डोक्यावरचं कार्बन फडक्यानं आणि तेलानं पुसत गेलो, आणि काजळीखालून आकडे वर आले: ०२०. ओव्हरसाइज पिस्टनवर तो किती थाऊ मोठा ते ठोकलेलं असतं. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिमी. बोअर ८०.७७, गुणाकार केला की १८२२ सीसी. आयुष्यात एकदा झिजल्यावर साधं रिबोअर झालेलं इंजिन, बस. व्हॉल्व्हची उचल डायल गेजनं मोजली, नऊ मिमीच्या आसपास, म्हणजे कॅमही कंपनीचा.

काकांना व्हिडिओ कॉलवर पिस्टन दाखवला. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, चष्मा वर करून बघितलं. "आरं, हेड न उघडता दुसऱ्याच्या तोंडावर बोअर धरलास व्हय?" एवढंच म्हणाले. मग, "पिस्टन बाकी चांगला हाय."

त्या रात्री तो आलेखाचा कागद पुन्हा काढला. बीएचपी आणि पाउंड-फुटातला टॉर्क (इंजिनाचा पिळायचा जोर) यांचं नातं ठरलेलं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. म्हणून दोन्ही एकाच मापावर काढले, तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमला एकमेकींना छेदायलाच हव्यात, जगातलं कुठलंही इंजिन असो. माझ्या कागदावर त्या साडेचार हजारांच्या आसपास छेदत होत्या. वर ५८०० ला टॉर्क ९८ आणि पॉवर १२८. गुणून बघा, १०८ येतात. पंपांसाठी मी हेच गणित आठवड्यातून दहा वेळा करतो! कागदावर गाडीचा नंबर नव्हता, तारीखही नव्हती. तो दुसऱ्या गाडीचा होता की घरच्या प्रिंटरवर जन्मला होता, देव जाणे.

अजून एक गोष्ट समोरच होती. ब्लॉकच्या उजव्या बाजूला इंजिन नंबरची पट्टी रिव्हेटनं मारलेली असते. तिच्यावर सुरुवातीला १८व्ही वगैरे मालिका, आणि क्रमांकाआधी एक अक्षर: एच किंवा एल. एच म्हणजे जास्त कॉम्प्रेशन, एल म्हणजे कमी. माझ्या पट्टीवर एल. मालिका बघितली तर ते इंजिन मुळात सत्तरीच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेला गेलेल्या गाडीचं. तिकडच्या धुराच्या नियमांसाठी त्या गाड्यांना एकच कार्बोरेटर आणि कमी कॉम्प्रेशन द्यायचे, ताकद उतरून साठ-पासष्ट बीएचपीवर यायची. कोरड्या हवेतल्या न गंजलेल्या बॉड्यांसाठी अशा गाड्या परत इंग्लंडात आणल्या गेल्या, आणि त्यांची इंजिनं इकडेतिकडे फिरली. म्हणजे एमजीबीच्या आख्ख्या खानदानातलं सगळ्यात मवाळ इंजिन मला शर्यतीचं म्हणून विकलं होतं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, कारखान्यातून निघताना कुठलं इंजिन होतं ते त्यात असतं. मी मागवलं, अर्थात पैसे दिल्यानंतर. नंबर वेगळाच. आणि लॉगबुक, इथलं आरसी बुक म्हणा, त्यावर इंजिनाची क्षमता स्वच्छ छापलेली: १७९८. त्याच्या मालकीची तारीख मी गाडी घेतली त्याच वर्षाच्या वसंतातली. "बरीच वर्षं आमच्याकडे आहे" असं तो चहा ओतताना म्हणाला होता. हा कागद मी त्याच्या स्वयंपाकघरात हातात धरला होता. वाचला नाही.

पैसे परत मिळवायची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि अर्धीच यशस्वी. इथे व्यापाऱ्याकडून घेतलं तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं दोष निघाला तर पहिले तीस दिवस गाडी सरळ परत करता येते. हा स्वतःला खासगी मालक म्हणवत होता, आणि माझे तीस दिवस केव्हाच उलटले होते. खासगी व्यवहारात १९६७ चा मिसरिप्रेझेंटेशन अ‍ॅक्ट उरतो: खोट्या विधानावर विसंबून तुम्ही घेतलं हे दाखवायचं. पण त्यानं विधान केलंच कुठे? 'समजतं', 'ऐकलंय', 'तुम्हीच सांगा'. १९५० सीसी, कॅम, १२८ बीएचपी, सगळं 'बिलीव्ह्ड'च्या छत्रीखाली. १२८ चा कागद? "आधीच्या मालकानं दिला तसा दाखवला."

वाचवलं एका मेसेजनं. व्यवहाराच्या आदल्या रात्री मी विचारलं होतं, अनलेडेड सीट नक्की बसवल्यात ना? त्यानं बेसावधपणे लिहिलं होतं: हो, २०१६ साली बसवून घेतल्या, मीच. आख्ख्या प्रकरणात त्यानं लिहून दिलेलं एकमेव ठाम वाक्य, आणि लॉगबुकप्रमाणे २०१६ ला गाडी त्याच्याकडे नव्हतीच. शिवाय त्याच फोन नंबरवर वर्षभरात आणखी तीन जुन्या गाड्या विकायला लागलेल्या मला सापडल्या. हे सगळं जोडून दाव्याआधीचं पत्र पाठवलं. इंग्लंडात दहा हजार पाउंडांपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो. दावा लावला, फोनवर मध्यस्थी झाली, आणि अडीच हजारांवर मिटलं. बायकोचं म्हणणं मी अजून भांडायला हवं होतं. पण न्यायाधीशासमोर उभं राहून "माय लॉर्ड, तो कॅम रेसी आहे हे मीच सांगितलं" असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

हे लिहायचं कारण एवढंच की गेल्या दिवाळीला लेस्टरला भेटलेल्या आपल्या दोघांनी, दोघेही सॉफ्टवेअरवाले, अशीच 'अपग्रेडेड' गाडी बघायला जातोय म्हणून सांगितलं. एकाची ट्रायम्फ, एकाची एमजीबीच. त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो. मशीन शॉपचं बिल मागा, त्यावर ब्लॉकचा नंबर आणि बोअरचा आकडा हवा. ज्यानं दोन-तीन हजार खर्च केले त्यानं बिल जपलेलं असतंच. प्लगच्या भोकातून घालायचा कॅमेरा फोनला जोडून वीस-पंचवीस पाउंडांत मिळतो, नशीब असेल तर पिस्टनवरचा आकडा दिसतो. टॅपेट कव्हर उघडू द्या म्हणावं, दोन नटांचं काम. तो "गॅस्केट फाटेल" म्हणाला, तर नवं गॅस्केट खिशातूनच न्यायचं, काही पाउंडांचं असतं. आणि प्रत्येक 'समजतं'ला मेसेजवर सरळ प्रश्न करायचा: हो की नाही? माणूस तोंडी हजार गोष्टी बोलतो, लिहिताना हात अडखळतो. अडखळला की तुमचं उत्तर मिळालं. त्यातला एमजीबीवाला सकाळी आठला जाऊन पोचला, तेव्हाही बॉनेट कोमट होतं. तो चहा न पिता परत आला.

माझ्या गाडीचं म्हणाल तर हेडमध्ये आता खरोखरीच्या कडक सीट आहेत, बसवतानाचे फोटो आणि बिल फायलीत आहेत. वेबर विकला, सगळ्या जाहिरातीत तेवढाच अस्सल निघाला, चांगले पैसे आले. त्याच्या जागी कंपनीसारखे दोन एसयू कार्बोरेटर. आयडल आता सरळ, अँबॅसडरसारखं. विमा कंपनीला बदल काढून टाकायला सांगितलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, इंजिन लहान करून घेतलंत का?

राहता राहिलं फ्लायव्हील. ते हलकं केलंय असं जाहिरातीत होतं. या गाडीत फ्लायव्हील बघायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी अजून हात झालेला नाही. क्लच जाईल तेव्हा कळेल.